साडेसहा आटे

३ मार्च

प्रिय वन्सं,

सव्वा वर्षात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही लिहिली नाहीत. तेव्हा फिटंफाट झाली असं समजून पुढे वाचा.

काल गाडीवरची ताडपत्री काढली. आमच्या दातांच्या लॅबमागे जी शेड आहे तिथे ती उभी आहे. तुमच्या दादांना ते माहीत आहे, पण ते तिकडे फिरकत नाहीत. सीटखाली उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं, ते आधी हलवलं. मग बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीत पडलेलं भोक तसंच आहे, माझी मूठ जाईल एवढं.

परवा लॅबमध्ये मालक आला होता. मालक म्हणजे तोच, ज्याच्या वर्कशॉपमध्ये ह्यांनी अकरा वर्षं घालवली. त्याला मागच्या दाढा करायच्या आहेत, रंग जुळवायला दंतवैद्यांनी आमच्याकडे पाठवलं. माझ्या तोंडाला मास्क, अंगात पांढरा कोट, त्याने मला ओळखलं नाही. सोबतच्या माणसाला सांगत होता, की आपल्याकडे एक मेकॅनिक होता, हात बरा होता पण हाव सुटली, स्वतःच्याच गाडीचा दाब वाढवून इंजिन फोडून बसला. दोघंही हसले. तेव्हा मी त्याच्या तोंडात आरसा घालून दाढेचा रंग बघत होते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी एकदा कागदावर येऊ द्या. ह्यांनी ती दोन सीटांची गाडी जुनी, स्वस्तात घेतली होती. दिसायला स्पोर्ट्स कार आणि चढ लागला की दम्याची पेशंट. तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, बसवायला दोन वर्षं लावली. शर्यत नव्हती मारायची. मला कामावर सोडावं, येताना भाजी आणावी आणि चढावर ट्रकमागे रांगायला लागू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. टर्बोचा दाब ठेवला फक्त अर्धा बार. त्या डिसेंबरात एका चढावर पिस्टन वितळला, कनेक्टिंग रॉड इंजिन फोडून बाहेर आला, ह्यांनी बॉनेट उघडलं आणि उकळतं तेल उजव्या हातावर आलं. वर्कशॉपमध्ये तपासलं तेव्हा दाब जवळजवळ दुप्पट लावलेला निघाला. हे दवाखान्यातून सांगत राहिले की मी हात लावलेला नाही. मालकाने कार्डं छापली, की आमच्या मेकॅनिकने हावेपायी स्वतःच्या गाडीत दाब वाढवला, त्याच्याशी आता आमचा संबंध नाही. बासष्ट गिऱ्हाइकांना ती पाठवली आणि एक फ्रेम करून काउंटरमागे टांगलं. हे घरी आले आणि चार दिवसांनी त्यांनी 'मी नाही' म्हणणंही सोडून दिलं. आता पार्सल ऑफिसच्या खिडकीवर बसतात. दोन बोटं वळत नाहीत, शिक्का डाव्या हाताने मारतात.

ही गाडी मला तशीच्या तशी उभी करायची आहे. अर्ध्या बारवर. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या माणसाच्या दारावरून न्यायची आहे, तो फ्रेम उतरवेपर्यंत. मला कवळ्या करता येतात, इंजिनं येत नाहीत. तुम्ही इंजिनांच्या टेस्ट रूममध्ये काम करता. शिकवाल का? दादांना कळू देऊ नका.

तुमची,
वहिनी


१४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र टेस्ट रूममध्येच वाचलं. काचेपलीकडे सहा सिलिंडरचं धूड बोंबलत होतं, म्हणून माझ्या तोंडून काय निघालं ते कोणाला ऐकू गेलं नाही.

शिकवते. कवळी बसवणाऱ्या बाईला इंजिन काय जड आहे. उलट तुला मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काय ते कळतं, इथल्या अर्ध्या लोकांना कळत नाही. आधी त्याच मॉडेलचं एखादं ठोकलेलं इंजिन शोध. त्यात पिस्टन घडीव घाल, ओतीव नको. त्यांची डोकी थोडी खोलगट असतात, त्यामुळे आतला दाब आधीच कमी राहतो आणि टर्बोचा वरून आलेला सोसतो. पुढच्या जाळीमागे इंटरकूलर बसव, टर्बोतून येणारी हवा तापलेली असते, ती गार होऊनच आत गेली पाहिजे. टर्बोतलं तेल परत आणणारी नळी सरळ खाली उतरू दे, वाकडी केलीस तर तेल साचेल. आणि सगळ्यात आधी डॅशबोर्डवर दाबाचं गेज लाव. दादाने वर्कशॉपचं गेज उसनं आणून एकदा दाब बघितला आणि परत करून टाकलं. तिथून पुढे तो आंधळाच चालवत होता.

जुना टर्बो आणि त्याला जोडलेली, दाब आवरणारी डबी मात्र ठेवू नकोस, सरळ भंगारात दे. इतकी तापलेली वस्तू परत लावायची नसते. नवी डबी मी इथून पाठवते.

आणखी एक, रागावू नकोस. गाडी कर, पण मालकाच्या मागे लागू नकोस. तो तोंडाळ आहे, तेवढंच. त्याच्यावर डूख धरून तुझंच रक्त आटेल.

दादाचा हात कसा आहे? थंडीत दुखतो का?

तुझीच


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

इंजिन मिळालं. एका शिक्षिकेने खांबावर घातलेली गाडी होती, पुढून चपटी, आतून ठणठणीत. आमच्या गल्लीतले लेथवाले काका निवृत्तीनंतर बायकोच्या पायात पायात येत होते. त्यांना मी उचलायच्या कामाला धरलंय, काकूंनी मला दोनदा धन्यवाद दिलेत. पिस्टनच्या रिंगांची फट मी स्वतः घासून बसवली. काकांनी फीलरची पातळ पत्ती घालून बघितली आणि म्हणाले, तू दातच करतेस ना नक्की?

टर्बो भंगारात दिला नाही. काकांनी उघडून बघितला, बेअरिंग बदललं की पुढची दहा वर्षं पळेल म्हणाले. डबीही माझ्या टेबलावर आहे. तिचं काय ते आता मला चांगलं कळलंय. डबीतून एक दांडी निघते आणि टर्बोतलं धुराचं झाकण उघडते. दांडी आखूड केली की झाकण उशिरा उघडतं आणि दाब चढतो. एवढीशी गोष्ट.

आता नीट वाचा. तुमच्या बाबांची शिस्त तुम्हाला मी काय सांगायची. ज्याने नट आवळला त्याने त्याच्यावर सही करायची, म्हणजे नटावरून खालच्या धातूवर एक रंगाची रेघ ओढायची. पुढे कोणी नट फिरवला तर रेघ तुटते. तुमचे दादा त्यासाठी लग्नाच्या वेळची माझी डाळिंबी नेलपॉलिश वापरायचे, अख्ख्या इंजिनावर माझी नखं उमटलेली आहेत असं मी चिडवायची. त्यांच्या वहीत लिहिलंय, 'दांडी : लॉकनटमागे नऊ आटे उघडे.' मी मोजले. साडेसहा दिसतात. कोणीतरी अडीच फेरे आत घेतलेत. आणि तरी नटावरची रेघ सलग आहे.

म्हणजे कोणीतरी नट सोडवला, दांडी आखूड केली, नट आवळला आणि वरून ताजी रेघ ओढली, कोणाला संशय येऊ नये म्हणून. ह्यांची ही सवय कोणाला माहीत होती? अकरा वर्षं शेजारी उभं राहून बघणाऱ्याला. हे स्वतःचं वर्कशॉप काढायच्या विचारात होते आणि मालकाला त्याचा वास लागला होता. वन्सं, त्या माणसाने माझ्या नवऱ्याचा हात जाळला आणि वर कार्डं छापली. मी त्याला सोडणार नाही. तुम्ही म्हणता रक्त आटेल, तर आटू दे.

वहिनी


२० एप्रिल

प्रिय वहिनी,

डबी पाठवली आहे, आठवड्यात पोचेल. तीच लाव.

आट्यांचं म्हणशील तर मोजण्यात चूक होते. नऊचे साडेसहा दिसतात, तेल-काजळी बसलेली असते. किंवा दादानेच नंतर वाढवलं असेल आणि वहीत लिहायचं राहिलं असेल. माझा भाऊ आहे म्हणून सांगते, त्यालाही हाव सुटू शकते. चांगल्या चांगल्यांना सुटते. झालं ते झालं, एवढं उकरून हाती काय लागणार?

मला इथे वेळ कमी आहे. आमचे टेस्ट रूमचे प्रमुख जुलैअखेर निवृत्त होतात. त्यांच्या जागी माझं नाव आहे. बाई प्रमुख म्हणून पहिलीच असेन, तेव्हा प्रत्येक कागद दोनदा बघावा लागतोय.

पहिले हजार किलोमीटर इंजिनाला ओरबाडू नकोस.

तुझीच


२ जून

वन्सं,

तुमच्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ते तुम्हाला आवडलं नसतं. जगाने ह्यांना हावरट म्हटलं ते मी ऐकून घेतलं. पाठच्या बहिणीनेही म्हणावं? बढती तुम्हाला लखलाभ, पण ही ओळ मी विसरणार नाही.

गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला. काका कानात कापूस घालून उभे होते, त्यांनी तो काढला आणि म्हणाले, ही तर कुजबुजते. तुमची नवी डबी लावली, गेज डोळ्यासमोर आहे, काटा अर्ध्या बारवर जातो आणि शहाण्यासारखा थांबतो. मी तिच्यातून कामाला जाते, येताना मागच्या डिकीत कांदे-बटाटे आणि प्लास्टरची पोती असतात. तुमच्या दादांना सांगितलं की लॅबमधली एक मैत्रीण सोडते. पहिल्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठीमागून कोणीतरी हात लावून पुढे सारावं तशी गाडी उचलली गेली. मी तिथेच रडले. ह्यांनी दोन वर्षं शेडमध्ये बसून हे माझ्यासाठी केलं होतं आणि मला ते पंधरा दिवससुद्धा धड मिळालं नव्हतं. थंडी पडली तशी गाडी जास्तच ओढायला लागली म्हणून ते खूश होते. गार हवा इंजिनाला मानवते म्हणायचे.

आता मालक. त्याच्या दाढांचा साचा माझ्याच टेबलावर आला. तीन दाढांचा ब्रिज. मी तो फार सुंदर केला. नुसतं चावलं तर काही कळायचं नाही, दंतवैद्य निळा कागद लावून बघतात त्यातही दिसायचं नाही. जबडा किंचित बाजूला सरकला की मात्र एक उंचवटा लागतो. तुमच्या मापात सांगायचं तर दोन दशांश मिलिमीटर. माणूस झोपेत दातांवर दात घासतो, बोलताना जबडा फिरवतो, घास चघळतो. रोज मी त्याच्या दारावरून जाते. गेल्या आठवड्यापासून तो गालाला हात लावून उभा असतो. मला बघून हात काढतो आणि परत लावतो. मला वाईट वाटत नाही, तुम्ही विचारण्याआधीच सांगते.

पण हे नुसतं तोंडी लावायला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्या अंगणात सगळी गिऱ्हाइकं गाड्या घेऊन जमतात. पंचवीस जूनला मी ही गाडी मधोमध लावणार, ती जुनी दांडी आणि ह्यांची वही बॉनेटवर ठेवणार आणि सगळ्यांसमोर त्याला आटे मोजायला लावणार.

वहिनी


१२ जून

वहिनी,

दांडी घेऊन तिथे जाऊ नकोस. मी जुलैअखेर येते, आल्यावर बोलू. तोवर कोणाला काही दाखवू नकोस. कळकळीने सांगते आहे.


२७ जून

पंचवीसला मी गेले नाही. का नाही गेले ते तुला कळलंच असेल. यापुढे वन्सं नाही आणि तुम्हीही नाही.

शनिवारी दुपारी दांडी लॅबमध्ये नेली. चारचौघांत दाखवायची वस्तू स्वच्छ असावी, म्हणून स्पिरिटने पुसली आणि उत्तरेच्या खिडकीत धरली. दातांचे रंग आम्ही तिथेच जुळवतो, तिथला उजेड खोटं बोलत नाही. पांढऱ्याच्या सोळा छटा मी वीस वर्षं वेगळ्या ओळखत आलेय. लाल रंगाचे दोन प्रकार ओळखायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाकीच्या नटांवरचा रंग माझ्या जुन्या बाटलीतला आहे. दांडीवरचा नाही. तो काळपट, किंचित जांभळ्याकडे झुकलेला. तू चार दिवस राहायला आली होतीस तेव्हा आपण दोघी बाजारात गेलो, तो रंग तू निवडलास, मी घेतला, आणि निघताना तुला फार आवडला म्हणून तुझ्याच पिशवीत टाकला. ती बाटली आमच्या घरात दीड दिवस होती. मालकाने ती डोळ्यांनीही बघितली नाही.

मग रेघ बघितली. उजव्या हाताचा माणूस ओढतो तशी नाही. डावरी. आणि आपल्यात डावखुरी तू एकटीच.

संध्याकाळी हे खिडकीशी बसून बूट पुसत होते. मी दांडी त्यांच्यासमोर ठेवली आणि गाडीचं सगळं सांगून टाकलं. गाडी चालते म्हटल्यावर त्यांनी मान वर केली, पण दांडीला हात लावला नाही. त्यांना माहीत होतं. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी ते एकदाच शेडमध्ये गेले होते, तेव्हा त्यांनी ती रेघ ओळखली. त्या दिवसापासून 'मी नाही' म्हणणं बंद झालं. मी समजत होते माणूस खचला. माणूस तुला लपवत होता.

मी विचारलं, का. ते म्हणाले, "माझी दोन बोटं गेली. हे बाहेर आलं असतं तर तिचं सगळंच गेलं असतं. इंजिनं तपासायचीच तिची नोकरी आहे." मी म्हटलं, आणि तुमच्या नावाचं काय? म्हणाले, पार्सल ऑफिसात नाव लागत नाही.

हे वाचताना तुला तुझं वीस एप्रिलचं पत्र आठवत असेल. नसेल आठवत तर सोबत परत पाठवते आहे. 'त्यालाही हाव सुटू शकते.' तो तुझ्यासाठी गप्प बसला होता आणि तू त्याच्याच डोक्यावर खापर फोडत होतीस. इंजिन फुटलं हे एक वेळ मी सोडून दिलं असतं. ही ओळ नाही.

सोमवारी मी दंतवैद्यांकडे जाऊन मालकाच्या दाढेचा उंचवटा स्वतः घासून काढला आणि तो मुद्दाम ठेवला होता हे त्याला तोंडावर सांगितलं. तो आ वासून बसला, थोडा खुर्चीमुळेही. अडीच फेरे आणि दोन दशांश, आपण दोघी एकाच जातीच्या, असं येताना मनात आलं. मला तो विचार आवडला नाही. पण माझा मी घासून आले, आता तुझी पाळी. मालकाला म्हटलं, कार्ड उतरव. तो म्हणाला, ज्याने केलं त्याच्या सहीने लिहून आण, उतरवतो.

तर तू लिहायचंस. एक नाही, बासष्ट. मालकाच्या गिऱ्हाइकांना दर वर्षी शुभेच्छापत्रं मीच लिहून द्यायचे, पत्ते माझ्याकडे आहेत, सोबत जोडलेत. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, तुझा हुद्दा लिहून.


८ जुलै

वहिनी,

लिहिते. एकदाच सगळं लिहिते.

त्या चार दिवसांत दादाने मला गाडीला हात लावू दिला नाही. शेजारी बसवून फिरवून आणलं. मी म्हटलं, दाब थोडा वाढव, हिच्यात अजून पुष्कळ आहे. तो हसला आणि म्हणाला, ही रोजच्या वापराची आहे, तुझ्या टेस्ट रूममधली नाही. बाबांसारखाच हसला. लहानपणी बाबा हत्यारं त्याच्या हातात द्यायचे आणि मला दिवा धरायला सांगायचे. इंजिनांमध्येच पंधरा वर्षं काढली तरी त्या घरात मी दिवाच धरत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं कामावर गेलात. तो त्या दिवशी बसने गेला होता, गाडी घराच्या दारातच होती. मी अडीच फेरे आत घेतले. त्याने गाडी काढावी, चकित व्हावं, मग मी पत्रातून सांगावं की बघ, मीच बरोबर होते, एवढंच डोक्यात होतं. आत साधे ओतीव पिस्टन आहेत हे मी विचारलंही नाही. जिचं कामच ते विचारणं आहे, तिने.

आणि मग नट आवळल्यावर हात आपोआप तुझ्या बाटलीकडे गेला. चोरून केलेल्या कामावर मी सही केली. रेघ ओढली नसती तर कधीच कोणाला कळलं नसतं. बाबांनी एवढं एकच मला बरोबरीने शिकवलं होतं.

इथे आल्यावर तीनदा पत्र लिहायला घेतलं. तिसरं अर्धं झालं होतं आणि तुझी अपघाताची तार आली. त्यानंतर प्रत्येक दिवस आधीच्या दिवसापेक्षा अवघड झाला. डबी भंगारात दे म्हटलं ते कशासाठी, ते तुला आता कळलंय. एप्रिलमध्ये ती ओळ लिहिली तेव्हा मला माझीच किळस आली होती, पण मी ती टपालात टाकली.

मी लिहीन. बासष्टच्या बासष्ट. पण एक मागते. एकतीस जुलैला नेमणुकीची यादी लागते. मला एक ऑगस्टपर्यंत थांबू दे. आधी कळलं तर यादीत माझं नाव राहणार नाही. तीन आठवडे, वहिनी. तो दीड वर्ष थांबला.


१५ जुलै

तो थांबला म्हणूनच मी थांबणार नाही.

कार्ड छापायच्या आधी मालकाने ह्यांना तीन आठवडे दिले नव्हते. हे पट्ट्या बांधलेल्या हाताने दवाखान्यात पडले होते आणि कार्डं टपालात होती. तुझी कार्डं एकतीसच्या आत पोचली पाहिजेत. नाही पोचली तर दांडी आणि तुझं आठ तारखेचं पत्र घेऊन मी तुमच्या कारखान्याच्या दारात उभी राहीन. गाडी आता लांबच्या प्रवासालाही चांगली आहे, तूच तर शिकवलीस.


२४ जुलै

वहिनी,

कार्डं आज टाकली. सगळी हाताने लिहिली, एकावरही खाडाखोड नाही. बासष्ट नाहीत, त्रेसष्ट आहेत. त्रेसष्टावं आमच्या मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला जायला सांगितलं. उद्यापासून मी स्टोअरमध्ये आहे, गास्केटं मोजायला. प्रमुख दुसरा होईल.

दादाला काही सांगू नकोस, असं आता म्हणत नाही.


३१ जुलै

कार्डं पोचली.

काल महिन्याचा शेवटचा रविवार होता. मालकाच्या अंगणात मी गाडी मधोमध लावली. बरेच जण कार्ड खिशात घालूनच आले होते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी मालकाला मोठ्याने वाचायला सांगितलं. तो 'दाढ दुखते' म्हणाला. मी म्हटलं, ती दाढ मी केली आहे, दुखत नाही. मग त्याने वाचलं. तुझं नाव, तुझा हुद्दा, अडीच फेरे, सगळं. 'माझ्या भावाने त्या दांडीला हात लावलेला नव्हता' ही ओळ मी त्याला दोनदा वाचायला लावली. मी काउंटरमागे जाऊन फ्रेम उतरवली, त्याचं कार्ड काढलं, त्यात तुझं घातलं आणि परत त्याच खिळ्याला टांगली. जाताना सरळ केली. मला किती बरं वाटलं हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. फार बरं वाटलं.

हे शेजारच्या सीटवर बसून होते. उघड्या काचेतून सगळं ऐकलं, उतरले नाहीत. परत येताना मी चढावर पाय दाबला. त्यांनी गेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, डबी कोणाची लावलीयेस? मी सांगितलं. शेडमध्ये आल्यावर त्यांनी पाना मागितला. दीड वर्षाहून जास्त काळानंतर. पाना डाव्या हातात, उजव्याची तीन बोटं नुसती आधाराला. तुझी नवी डबी उतरवली, जुनी चढवली, दांडी मागे घेतली. नऊ आटे. मोजले, मग मला मोजायला लावले. घाम येईपर्यंत नट आवळला.

मी डाळिंबी बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. राहू दे म्हणाले, आणि हात पुसत बाहेर गेले. ती रेघ त्यांनी कोणासाठी राखून ठेवली आहे हे मला लगेच कळलं. त्यांनी तुला कधीच माफ केलंय, बहुधा दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात. त्यांचा स्वभावच तसा आहे, मी तो बदलू शकले नाही.

माझा तसा नाही. म्हणून बोलावते आहे. ये. तुझी ती बाटली घेऊन ये, दिवसाउजेडी ये, आणि त्यांच्यासमोर त्या नटावर तुझ्या डाव्या हाताने रेघ ओढ. नंतर ते उजवा हात पुढे करतील. तो तुला हातात घ्यावा लागेल. दोन बोटं मिटणार नाहीत, तुझ्या तळव्याला सरळच्या सरळ टेकून राहतील.

मी समोर उभी असेन, आणि तो हात तू सोडेपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघत राहीन.

वहिनी